लिफ्टमधला दुसरा माणूस

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्याइतका शांत माणूस तुम्हाला शोधूनही सापडायचा नाही! आता ही स्वतःची टिमकी वाजवणं आहे असं समजू नका. ऑफिसात सगळे मला 'बर्फ' म्हणतात, आणि ते काही मी सांगितलं म्हणून नाही. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि मी तिथल्या कंट्रोल रूममध्ये बसतो. कुणी कुठे लिफ्टमध्ये अडकलं की माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. पलीकडून रडारड, आरडाओरडा, दारावर लाथा, काय वाटेल ते ऐकू येतं. आणि मी? मी घसा साफ करतो आणि म्हणतो, "बोला." बस्स! एवढ्यावरच निम्मी माणसं गार होतात.

तर अशा या शांत माणसाने एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "मी पॉडकास्ट सुरू करतोय!"

बायकोने आमटीचा डाव हवेतच थांबवला. "कसला?"

"पॉडकास्ट! लोकांनी संकटात डोकं शांत कसं ठेवायचं, हे मी दर आठवड्याला सांगणार. नाव पण ठरलंय, 'शांत डोक्याने'!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. "परवा तुमचा एक मोजा सापडत नव्हता तेव्हा तुम्ही अख्खं घर डोक्यावर घेतलं होतंत."

"मोजा म्हणजे संकट नव्हे!"

"मग संकट आलं की सांगा," असं म्हणून तिने आमटी वाढली. आमची लेक मात्र खूश झाली. ती कॉलेजात जाते आणि तिला या विषयातलं सगळं कळतं. निदान माझ्यापेक्षा तरी जास्तच. "बाबा, भारी! कधी करताय पहिला भाग?" तिने विचारलं.

"येत्या आठवड्यात!" मी म्हणालो. आणि एवढ्यावर गप्प बसावं की नाही? छे! मी ते ऑफिसात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितलं, आणि सगळ्यात घोडचूक म्हणजे आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणजे चालतंबोलतं चौकशी खातं! त्या दिवसापासून त्यांनी जिन्यात, गेटवर, कचऱ्याच्या डब्यापाशी, जिथे सापडेन तिथे मला धरायला सुरुवात केली. "काय बर्फराव, आला का तुमचा तो कार्यक्रम?"

"तयारी चालू आहे," मी म्हणायचो.

आणि ते खोटं नव्हतं हो! तयारी जोरात चालू होती. मी माइक आणला. माइकचं स्टँड आणलं. स्टँडला टेबल बुटकं पडलं म्हणून टेबल बदललं. नवं टेबल खिडकीपाशी मावेना म्हणून अख्खी खोली फिरवली. कार्यक्रमाचं बोधचिन्ह केलं, मग ते आवडलं नाही म्हणून दुसरं केलं. चांगला माइक कसा ओळखावा यावर लोकांनी केलेले सगळे कार्यक्रम ऐकले. फक्त एक गोष्ट राहिली होती. बोलणं!

माइकसमोर बसलो की घोडं तिथेच अडायचं. "नमस्कार, मी..." एवढं झालं की पुढे घशात बूच! मी कोण? माझं कुणी का ऐकावं? मग मी उठून पाणी प्यायचो, टेबल पुसायचो, माइकच्या वायरीची सुरेख गुंडाळी करायचो आणि म्हणायचो, आता उद्या ताज्या दमाने!

तुम्ही म्हणाल, दिवसभर बोलण्याचंच काम करणाऱ्या माणसाला माइकची कसली भीती? तेच तर माझं मला कळत नव्हतं! अडकलेल्या माणसाशी मी तासन् तास बोलू शकतो. पण तो माणूस माझं ऐकतो, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. उघड्या दारातून निघून जाऊ शकणारी माणसं माझं ऐकतील का, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर मला एकदा मिळालेलं होतं. मागे एकदा आमच्या साहेबांनी अख्ख्या ऑफिसला एकेक करून माइकपुढे बसवलं होतं. कंट्रोल रूममध्ये फोन उचलायला कुणी नसेल, तर लिफ्टमध्ये आपोआप वाजेल असा संदेश रेकॉर्ड करायचा होता. मी अगदी जीव ओतून वाचला. साहेब म्हणाले, "बघू."

आता साहेबाचं 'बघू' म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्याला कुणी फोड करून सांगावं लागत नाही. पुढे संदेश बसला, पण तो वाजतो लिफ्टमध्ये, कंट्रोल रूममध्ये तो ऐकू येत नाही. त्यामुळे आणला असेल कुणीतरी मोठा व्यावसायिक निवेदक, असं समजून मी मूग गिळून गप्प बसलो. पण आत कुठेतरी ते सलत राहिलंच. खोटं कशाला बोलू?

शेवटी लेकीनेच मला समोर बसवलं. "बाबा, तुमचं चुकतंय. तुम्ही चांगलं बोलायची वाट बघताय. आधी वाईट बोला! रोज त्याच वेळी, त्याच जागी बसायचं आणि जे येईल ते रेकॉर्ड करायचं. आणि सुरुवातीला मनात जेवढ्या शंका आहेत तेवढ्या मोठ्याने बोलून टाकायच्या. सगळ्या बाहेर पडल्या की आत जागा होते."

"आणि कुणी ऐकलं तर?"

"कोण ऐकणार आहे? तो भाग आपण कापून टाकायचा."

मला पटलं. पण 'त्याच जागी' म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात मिक्सर. बाल्कनीत कबुतरं. न्हाणीघरात माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. एक दिवस कपड्यांच्या कपाटात जाऊन बसलो, तर डांबराच्या गोळ्यांनी अशा शिंका सुरू झाल्या की बायकोने बाहेरून कपाट उघडलं, माझ्याकडे बघितलं, तिची साडी काढून घेतली आणि कपाट पुन्हा लावलं!

अशातच माझ्या सासूबाई राहायला आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा रेडिओवर कार्यक्रम आहे म्हणे?"

"रेडिओवर नाही, पॉडकास्ट."

"तेच ते. कधी ऐकवताय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी संध्याकाळी! सगळ्यांनी एकत्र बसून ऐकू!"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो, आईसमोर तरी जरा जपून. वाजवायला बुलबुलतरंग आणलंत, ते माळ्यावर. चित्रकलेचे रंग आणलेत, ते वाळून गेले. मला हसू येतं ते वेगळं, पण दर वेळी तुमचा चेहरा पडतो ना, तो मला बघवत नाही."

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. पण ती तर माझी काळजी करत होती. मी मनाशी पक्कं केलं. या वेळी काही झालं तरी माळा नाही! रविवारी पहिला भाग झालाच पाहिजे.

तर रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या, आणि मी इमारतीत शांत जागा शोधत हिंडू लागलो. हिंडता हिंडता लिफ्टमध्ये शिरलो आणि थक्क झालो! वरच्या मजल्यावरचं कुटुंब नुकतंच घर सोडून गेलं होतं. त्यांच्या सामानाने लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून आत चारी बाजूंनी जाड फोम लावला होता आणि तो अजून काढलेला नव्हता. मी टाळी वाजवली, तर ती जागच्या जागी जिरली. अहो, हा तर स्टुडिओ! आणि लिफ्टचा मी माहीतगार माणूस. देखभाल आमच्याच कंपनीकडे, तेव्हा लिफ्ट थांबवायची एक चावी अडीअडचणीसाठी माझ्याकडेच असते.

मी घरातून माइक, लॅपटॉप, बसायला स्टूल आणि आवाज आणखी दाबायला बायकोची नवी रजई असा सगळा संसार उचलला. रजई लिफ्टच्या दारावर आतून पडद्यासारखी लावली, दार बंद केलं आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे नेऊन चावी फिरवली.

आता इथे मी केलेला विचार तुम्हाला सांगितलाच पाहिजे, कारण असा विचार फक्त मीच करू शकतो! चावीने लिफ्ट थांबवली की आतला इंटरकॉम आपोआप चालू होतो आणि कंट्रोल रूममध्ये फोन वाजतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी म्हटलं, वाजू दे! कंट्रोल रूममध्ये फोन कोण उचलतं? मी! आणि मी कुठे आहे? इथे! मग उचलणार कोण? कुणीच नाही! रविवारी माझ्या जागी दुसरा माणूस बसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला कंट्रोल रूम म्हणजे मीच वाटतो, त्याला काय करणार? आणि त्या इंटरकॉमला जोडलेला एक स्पीकर तळमजल्यावर गेटपाशीही असतो, हे तर मी साफ विसरलो. आयुष्यभर मी त्या वायरीच्या भलत्याच टोकाला बसलेलो!

स्टुलावर बसलो. रेकॉर्डिंग चालू केलं. लेकीने सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून शंका बाहेर काढायला लागलो.

"मला भीती वाटते की माझं कुणी ऐकणार नाही! मला भीती वाटते की माझा आवाज बेडकासारखा आहे! मला सगळे बर्फ म्हणतात, पण घरी मी मोज्यासाठी भांडतो! सेक्रेटरी दिसले की मी खांबामागे लपतो, कारण तो माणूस म्हणजे चौकशी खातं आहे! बायकोला वाटतं हेही माळ्यावर जाणार, आणि मलाही तसंच वाटतं, पण हे मी तिला सांगत नाही!"

काय सांगू, इतकं हलकं वाटलं! अंगावरून पोतं उतरवल्यासारखं. आता खऱ्या भागाला सुरुवात करायची म्हणून मी रजई जरा नीट करायला गेलो. ती ओढली, तर येईना. तिचं टोक दाराच्या फटीत अडकलं होतं. जोर लावून ओढली, तेव्हा दार कुरकुरलं आणि बोटभर सरकून तिथेच घट्ट बसलं. मी चावी फिरवली. लिफ्ट ढिम्म! दार नीट लागलेलं नसलं की लिफ्ट हलत नाही, ही सुरक्षेची सोय. हे वाक्य मी लोकांना रोज किती प्रेमाने समजावून सांगतो! त्या क्षणी मला ही सोय करणाऱ्याचा गळा धरावासा वाटला. चावी उलट फिरवली, सुलट फिरवली. बटणं दाबली. मोबाइल बघितला, तर रेंज नाही. आणि मग, वाचकहो, तुमच्यापासून काय लपवायचं, बर्फाचं पाणी झालं! माझी पाचावर धारण बसली.

"वाचवा! अहो, कुणी आहे का? मी आत अडकलोय! इथे हवा नाही!"

तेवढ्यात छतातून खर्रकन आवाज आला आणि एक गृहस्थ बोलू लागले.

"नमस्कार. घाबरू नका."

"घाबरलोय कोण?" मी किंचाळलो.

"लिफ्टमध्ये हवा भरपूर आहे."

"तुम्हाला तिथे बसून काय जातंय सांगायला!"

"दार उघडण्याचा प्रयत्न करू नका."

"मग काय करू? रजई पांघरून झोपू?"

"शक्य असेल तर खाली बसा."

"बसलेलोच होतो! तुम्ही कोण बोलताय? मला ओळखत नाही का? मी कंट्रोल रूमचा माणूस आहे!"

"मदत निघाली आहे. तुम्ही एकटे नाही."

"एकटाच आहे!" मी दारावर लाथ मारली.

मग पुन्हा, "नमस्कार. घाबरू नका." अगदी तस्संच, तेच शब्द, तोच सूर! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस नव्हे, हा तो रेकॉर्ड केलेला संदेश! आणि हाच तो व्यावसायिक निवेदक, ज्याच्यापायी साहेबांनी मला डावललं!

मग माझं टाळकंच सरकलं. "अस्सं! तू होय! तुझ्यासाठी मला बाजूला काढलं काय?"

"लिफ्टमध्ये हवा भरपूर आहे."

"तुझ्या डोक्यात हवा भरपूर आहे! लिफ्टमध्ये कधी अडकलायस तरी का? वातानुकूलित खोलीत बसून शहाणपणा पाजळायला कुणाला जमत नाही?"

"शक्य असेल तर खाली बसा."

"तू बस!"

असं आमचं बराच वेळ चाललं. तो संदेश पुन्हा पुन्हा वाजत होता आणि मी त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होतो. पण होता होता गंमत झाली. तो काही चिडेना! मी एवढं घालूनपाडून बोललो, तरी त्याचा सूर जागचा हलला नाही. 'तुम्ही एकटे नाही' म्हणण्याआधी तो जरासा थांबायचा. जणू आत अडकलेल्या माणसाला एकदा नीट बघून घ्यायचा आणि मग बोलायचा. माझा श्वास हळूहळू खाली आला. मी स्टुलावर बसलो आणि मला कबूल करावंच लागलं.

"मानलं बाबा तुला," मी छताकडे बघून म्हणालो. "साहेबांनी योग्य माणूस निवडला. माझ्याच्याने असं बोलणं झालं नसतं."

"तुम्ही एकटे नाही," तो म्हणाला.

आणि मी बोलायला लागलो. खरंच सांगतो, कसं ते मला अजून कळलेलं नाही. माइक समोर होता, रेकॉर्डिंग चालूच होतं, आणि तो गृहस्थ सोबतीला होता. मी कामावरच्या आठवणी सांगितल्या. एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, त्यांना मदतीची घाई नव्हतीच. "बोलत राहा, घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही," असं म्हणाल्या होत्या, ते सांगितलं. एक नवरा-बायको भांडता भांडता अडकले आणि बाहेर पडताना एकमेकांचा हात धरून होते, ते सांगितलं. आणि दिवसभर लोकांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःला धीर द्यायची वेळ आली की त्याची कशी फे फे उडते, तेही सांगितलं. मधून मधून तो म्हणायचा, "घाबरू नका." मी म्हणायचो, "नाही घाबरत," आणि पुढे बोलायचो. शेवटी "नमस्कार" म्हणून थांबलो, तेव्हा लक्षात आलं की कार्यक्रम झाला! सुरुवात, मध्य, शेवट, सगळं झालं!

तेवढ्यात बाहेर धडधड आवाज झाले, दार सरकलं आणि आमच्याच कंपनीच्या मेकॅनिकने मला काखेत धरून वर, चौथ्या मजल्यावर ओढून घेतलं. तिथे ही गर्दी! सेक्रेटरी, बायको, लेक, दूधवाला, आणि ज्यांची तोंडंही मी कधी बघितली नव्हती असे शेजारी. माझा जीव भांड्यात पडला. पण माझ्याकडे कुणी बघेचना! सगळे माझ्या खांद्यावरून लिफ्टमध्ये डोकावत होते.

"चला, आता दुसऱ्यांना काढा," सेक्रेटरी म्हणाले.

"दुसरे कोण?" मी विचारलं.

"दुसरे गृहस्थ."

"कोणते गृहस्थ?"

"अहो, तुमच्याबरोबर होते ते! ज्यांना तुम्ही एवढं वाट्टेल ते बोललात!"

मला काही उमगेना. मेकॅनिक आत उतरला. त्याने रजई झटकली, फोममागे हात घातला, स्टूल उचलून बघितलं. "आत कुणी नाही," तो म्हणाला. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले.

"कुठे गेले ते?" सेक्रेटरींचा आवाज चढला.

"मी एकटाच होतो हो!"

"आम्ही सगळ्यांनी गेटवरच्या स्पीकरवर ऐकलंय! तुम्ही त्यांना खाली बसायला लावलंत. 'तू बस' म्हणालात! बिचारे केवढ्या शांतपणे बोलत होते! तुम्ही काय केलंत त्यांचं?"

गेटवरचा स्पीकर! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "म्हणजे... सुरुवातीपासून ऐकलंत?"

"चौकशी खात्यापासून," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं, पण आम्ही चौथ्या मजल्यावर! मेकॅनिक लिफ्टच्या छताची झडप उघडून वर टॉर्च मारत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, ते गृहस्थ तारेवरून वर चढून गेले असतील. कुणी गच्चीवर पळालं. कुणी तळाच्या खड्ड्यात बघायला निघालं. दूधवाला मला विचारत होता, "पण भांडण कशावरून झालं साहेब?"

"अहो, थांबा सगळे!" बायको ओरडली. "मी मघापासून घसा फोडून सांगतेय, दोन्ही आवाज ह्यांचेच आहेत! कुणी ऐकेल तर शपथ!"

"त्यांना धक्का बसलाय, पाणी द्या," सेक्रेटरी कुणाला तरी म्हणाले.

"अगं, काय बोलतेस?" मीच तिला म्हणालो. "तो कंपनीचा रेकॉर्ड केलेला संदेश आहे. कुणी मोठा निवेदक आहे तो!"

"तुमचा आवाज मला ओळखू येणार नाही? इतकी वर्षं संसार केला तो काय बहिऱ्या कानांनी?"

तेव्हा मेकॅनिकच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. पलीकडे होता थर्मास. रविवारी माझ्या जागी बसणारा हा माणूस थर्मास बरोबर घेतल्याशिवाय हलत नाही, म्हणून ते नाव. आज नेमका तो भरून आणायला खाली गेला होता आणि तेवढ्यात माझा फोन वाजून संदेश सुरू झाला होता. तो परत आला, त्याने मेकॅनिक पाठवला, आणि बोलायचं सोडून नुसता फोन कानाला लावून बसला!

"काय बर्फराव, सुटलात का?" तो म्हणाला. "फोनवर मुद्दाम नाही बोललो हो! बोललो असतो तर संदेश बंद पडला असता. तुम्ही एवढे रंगात आला होतात! पण एक कळलं नाही. स्वतःच्याच आवाजाशी का भांडत होतात?"

"कुणाच्या आवाजाशी?"

"तुमच्या! तो संदेश तुमचाच आहे की! साहेबांनी ऐकल्या ऐकल्या तुमचाच निवडला होता."

"मला कुणीच सांगितलं नाही!" मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा चिरकला.

"साहेबांना वाटलं मी सांगितलं. मला वाटलं साहेबांनी सांगितलं. आणि तुम्ही तर काहीच बोलला नाहीत, तेव्हा आम्हाला वाटलं, मोठा माणूस आहे, मिरवत नाही!"

गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "इथे पण नाहीत!" मी तसाच उभा. इतकी वर्षं मी नाकारला गेलो म्हणून आतल्या आत कुढत होतो, आणि इतकी वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मीच धीर देत होतो. हसावं की रडावं? खरं सांगतो, थोडं थोडं दोन्ही केलं. बायकोने पदराने माझा चेहरा पुसला. मग तिची नजर रजईकडे गेली आणि मी लगेच सावरलो.

घरी येऊन लेकीने रेकॉर्डिंग ऐकलं. मी म्हटलं, "भांडण काप. शंका काप. शेवटचं तेवढं ठेव."

"काहीच कापायचं नाही," ती म्हणाली. "बाबा, हे सगळं मिळूनच तुमचा पहिला भाग आहे. आणि तुम्ही पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलात!"

"पण सेक्रेटरी..."

"त्यांनी ऐकलंय की आधीच!"

झालं! संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र बसलो. सेक्रेटरीही आले. चौकशी खात्याचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, पण उठून गेले नाहीत. आजींची गोष्ट आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, ते मी बघितलं. दार उघडं होतं, हवं तर कुणालाही निघून जाता आलं असतं, पण कुणीच गेलं नाही! शेवटी माझा "नमस्कार" आला. मग माझी नजर सासूबाईंकडे गेली. दुपारचा सगळा गोंधळ त्या झोपून गेल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणजे खऱ्या श्रोत्या त्याच! मी छाती फुगवून विचारलं, "कसा वाटला?"

"छान झाला हो, जावईबापू! फारच छान!" त्या मनापासून म्हणाल्या. "ते दुसरे गृहस्थ तर मला फार आवडले. किती समजूतदार, किती गोड बोलणं! पुढच्या वेळी त्यांनाच बोलू द्या ना. तुम्ही उगीच मधे मधे बोलता."

"अहो आई, ते मीच!" मी म्हणालो. "दोन्ही मीच!"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे बघितलं. "असं बोलतात हे? कधी गं?" त्यांनी हळूच विचारलं. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

आता मी रोज सकाळी चहा झाला की त्याच खोलीत, त्याच नव्या टेबलापाशी बसतो. एक दिवस चुकवत नाही. माळ्यावर काही गेलेलं नाही. तो संदेश मी ऑफिसातून मागून आणलाय. आधी तो नीट ऐकतो आणि मग अगदी त्याच्यासारखं बोलायचा सराव करतो. लेक म्हणते सुधारणा आहे. सासूबाई म्हणतात, त्या गृहस्थांची सर नाही!